उरला तो सेव्हन

मऊ भाताचा घास. सेव्हन.

दांडीवरचा ओला टॉवेल, त्याच्याकडे रोखलेलं बोट. सेव्हन.

टीव्हीवर गोदावरीला पूर. सेव्हन! सेव्हन!

डास. सेव्हन.

पुण्याहून आलेली अपूर्वा दारातच गार पडली. हातातली पिशवीही खाली ठेवायची राहिली.

"आई, बाबा हे काय बोलतायत?"

"तेवढंच उरलंय," कुसुम म्हणाली. "मेंदूला झटका आला, त्यात सगळे शब्द गेले. राहिला हा एक. तोही कोणता, बघ!"

शामसुंदर सरांच्या घरात इंग्रजी आकड्याला मज्जाव होता. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, पावकी-निमकी तोंडपाठ. दूधवाला 'ट्वेंटी' म्हणाला की, "वीस म्हण बाबा, दूध नासत नाही," असं सुनावायचे. दिवाळीत त्यांनी अपूर्वाच्या मुलीला सदुसष्ट लिहायला सांगितलं. पोरगी म्हणाली, "आजोबा, इंग्लिशमध्ये सांगा ना." झालं! ठिणगी पडली. "माझ्या मुलीला काय शिकवायचं ते मी बघेन," म्हणत अपूर्वा भरल्या ताटावरून उठली ती थेट पुण्याला गेली. बापलेकीत त्यानंतर फोनसुद्धा नाही.

आता ती त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, मी कोण?"

"सेव्हन."

पाठ असलेलं कधीकधी परत येतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं आईनं सांगितलं. तिनं पाढ्याची चाल धरली. "बे एके बे... बे दुणे?"

ओठ थरथरले. "सेव्हन."

आणि त्यांनीच कपाळावर हात मारून घेतला.

ते अपूर्वानं पाहिलं. म्हणजे चुकलं, हे कळतंय त्यांना. आत आहेत ते. पण आपण आत आहोत का?

"आई, ओळखतात का गं मला?"

"मला काय विचारतेस? सध्या माझंही नाव तेच आहे." कुसुमनं पदरानं त्यांची हनुवटी पुसली. "चहा हवा असला की लांबट सेव्हन. चहा गार झाला की तुटक. सुरावर संसार चाललाय."

अपूर्वाला बसवेना. आई हाका मारत राहिली, पण ती जिना उतरून फाटकाशी आली. कडीला हात लावला.

वरच्या खिडकीतून आवाज आला.

"सेऽऽव्हन, सेव्हन!"

पहिला लांब, दुसरा आखूड. तिनं कडी सोडली. कॉलनीच्या मैदानात लगोरी रंगात आलेली असायची, अंधारून यायचं, आणि याच खिडकीतून, याच चालीत, रोज बाबांची हाक: अपूऽऽ, अपू!

तिनं मागे वळून पाहिलंही नाही. घशातून आपोआप तेव्हाचंच उत्तर निघालं.

"आले होऽऽ!"

खिडकीत कुणीतरी हसलं. की रडलं, ते खालून कळेना. ती दोन-दोन पायऱ्या चढत सुटली.

झटका आला त्या दिवशी सकाळी शामसुंदर सरांनी मेनरोडच्या बाजारातून नातीसाठी इंग्रजी आकड्यांचे ठोकळे आणले होते.