मागचा डावा दिवा

“लागला का गं?” केबोनांगने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

“उजवा लागला, बाबा. डावा ढिम्म.”

“ब्रेक चांगला दाबलाय मी.”

“तुम्ही पार जमिनीत दाबलात तरी तो काही उपकार करणार नाही.”

शोशोंग गावातल्या त्या अंगणात बापलेकीचं दुपारपासून हे असं चाललं होतं. सेथुन्या राजधानी गाबोरोनीहून आली होती ती हा जुना पिकअप न्यायलाच. तिच्या ओळखीचा एक कंत्राटदार तो घ्यायला तयार होता. म्हाताऱ्याने आधी साफ नकार दिला, मग फुरंगटून बसला, आणि शेवटी स्वतःच तोड काढली. उद्या गाडीची सरकारी तपासणी होती. पास झाली तर गाडी इथंच राहील. नापास झाली तर सेथुन्याने खुशाल घेऊन जावी, तो चकार शब्द काढणार नाही. केबोनांगने दिलेला शब्द फिरवल्याचं गावात कुणी सांगितलं नसतं. गाडीचं बाकी सगळं धडधाकट होतं. घोडं अडलं होतं मागच्या डाव्या दिव्यापाशी.

सेथुन्याचा गाडीवर राग मुळीच नव्हता. तिला भीती होती ती वडिलांच्या डोळ्यांची. सकाळी त्यांनी निम्मा चहा मगाबाहेर ओतला होता. मागच्या महिन्यात रानातल्या गुरांच्या तळावरून परतताना, तिन्हीसांजेला रस्त्यात उभी असलेली गाढवं त्यांना दिसलीच नाहीत. गाडी चारीत गेली. गाढवं जागची हललीसुद्धा नाहीत. “चूक गाढवांची होती,” असं ते अजून सांगत होते. शेजारणीने फोन करून कळवलं, त्या दिवसापासून सूर्य मावळायला लागला की सेथुन्याचं कशातच लक्ष लागत नसे.

गाडीच्या मागे उकिडवं बसायचं तिला काही नवीन नव्हतं. लहानपणी ती जागा तिचीच. तळावर निघायच्या आधी वडील दिवे तपासायचे आणि तिला मागे उभी करायचे. “आपला मागचा दिवा आपल्याला दिसत नाही, पोरी. मागं विश्वासाचं माणूस लागतं,” म्हणायचे. तेवढ्याने तिला आपण गाडीची मालकीण झाल्यासारखं वाटायचं. “लागला!” असं ठणकावून सांगितलं की मगच ती पिठाच्या पोत्यांवर चढून बसायची. शेजारी आईने तळलेल्या मॅग्विन्यांचा, पिठाच्या फुगलेल्या गोळ्यांचा, डबा असायचा, त्यातल्या दोन-तीन वाटेत गडप व्हायच्या. परतताना आंबट दुधाच्या कॅनला टेकून ती उताणी पडायची, आणि पोरगी सांडली तर नाही ना हे बघायला आई आतून काचेवर टकटक करायची. काय दिवस होते ते! आता ती स्वतःच्या मुलांना असं मागे बसवायची नाही, पण तसं सुख त्या मुलांना मिळालंय असंही तिला कधी वाटलं नाही.

दिवा बंद पडला की त्याला शिव्या घालायच्या नाहीत, करंट कुठवर पोचतो ते शोधत जायचं, हे वडिलांनीच शिकवलेलं. तिने डावीकडचा बल्ब काढून उजवीकडे घातला. लागला; म्हणजे बल्ब चांगला. उजवा दिवा लागतोय म्हणजे फ्यूजही शाबूत. मग दोन वायरी जोडलेला सुटा बल्ब घेऊन तिने एक टोक डाव्या होल्डरमध्ये टेकवलं, दुसरं खालच्या लोखंडी बोल्टला. बल्ब भक्कन पेटला.

“करंट येतोय, बाबा!”

“मग परत जायला वाट नसेल. अर्थिंग गेलंय. दिवाच काढ बाहेर.”

तीन स्क्रू निघाले. चौथ्याचं गंजून पीठ झालं होतं. दिवा हातात आला आणि त्याच्या मागे दिसला निळा रंग.

सेथुन्या शिकायला गाबोरोनीला निघाली त्या वर्षी, दारंखिडक्या रंगवून उरलेल्या रंगाने आईने गाडी रंगवली होती. मुलगी राजधानीला जाणार, तर गाडी कशी झोकात हवी! “दिव्यांच्या कडेकडेने मार ब्रश,” वडील म्हणाले होते. पण कडेकडेने काही करणं आईच्या स्वभावातच नव्हतं. तिने दिवे उतरवले, मागचा पत्रा रंगवला आणि दिवे परत बसवले. बाहेरचा रंग उन्हाने केव्हाच राखाडी झाला होता. दिव्यामागे मात्र तो ऊन न लागता कालच दिल्यासारखा राहिला होता. त्याच रंगाने करंटची पत्र्यातून परत जायची वाट बंद केली होती, आणि इतकी वर्षं तो चौथा स्क्रू एकटाच करंट पत्र्यात पोचवत होता.

“काय दिसतंय?” वडिलांनी पुढून विचारलं.

“आई दिसतेय,” सेथुन्या म्हणाली, आणि रंगाचं सांगितलं.

मग ते म्हणाले, “खरवड. पण हळू खरवड.”

तिने चाकूने हळूहळू खरवडलं. निळी सालपटं तिच्या मांडीवर पडत होती. पत्रा चकचकीत दिसायला लागला तसा तिने बल्ब परत घालून दिवा त्यावर घट्ट दाबून धरला.

“दाबा ब्रेक.”

दिवा लागला. तिचे दोन्ही तळवे लाल झाले.

“लागला का गं?”

सूर्य टेकडीआड गेला होता. अशाच वेळी ती गाढवं रस्त्यावर येतात, हे तिच्या मनात आलं. फक्त एक शब्द, की आपल्याला पुन्हा कधी त्या फोनची धास्ती नको.

“नाही,” ती म्हणाली. “नाही लागला, बाबा.”

“नीट बघ.”

“बघितलं.”

“बरं,” केबोनांग म्हणाला. ब्रेकवरचा पाय त्याने लगेच काढला नाही. मग तो उतरला, गाडीला हात लावत लावत मागे आला आणि तिच्याजवळ खाली बसला.

“तुझी आई गेल्यावर मागं कोण उभं राहणार?” तो म्हणाला. “शेळ्या काही सांगत नाहीत. म्हणून मी गाडी कायम या चुन्याच्या भिंतीला पाठ करून लावतो. ज्या बाजूचा दिवा लागतो त्या बाजूला भिंत लाल होते. आरशात दिसते.”

सेथुन्याने मान वळवून भिंतीकडे बघितलं. तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

“मग मला कशाला विचारत होतात दुपारपासून?”

“तू आली होतीस ना. विचारायला बरं वाटत होतं.” म्हातारा किंचित हसला. “गाढवं नसतील दिसत. लाल रंग अजून दिसतो.”

“बाबा, चुकलं माझं. उद्या आपण नेऊ तपासणीला. पास होईल गाडी.”

“होईलच. पण त्याने तुझा घोर जाणार आहे का? तुला कधी खोटं बोलता आलं नाही. आज बोललीस, म्हणजे किती घाबरली असशील!” त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तिची बोटं मिटवली. “घेऊन जा. फक्त त्या घेणाऱ्याला दिवा लागत नाही असं सांगू नकोस. लागतो तो.”

सेथुन्या किल्ली मुठीत घेऊन हमसाहमशी रडायला लागली. केबोनांगने तिच्या मांडीवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, जमिनीवर चाचपून एक स्क्रू शोधला, आणि तो दिवा जागेवर बसवायला लागला.