कोळशाचा ठिपका

मित्रांनो, मी अंडी उबवायची एक जुनी लाकडी पेटी आहे. दिसायला काही खास नाही. पुढे काच, आतून थर्माकोल, उबेसाठी एक बल्ब आणि झाकणाला बिजागरीऐवजी चामड्याचे दोन तुकडे. अल्लीपूरच्या वासुदेवरावांनी मला उरलेल्या फळ्यांतून बनवलं. त्यांनी केलेल्या वस्तूचा एकही कोपरा सरळ नसतो, हे घरातले सगळे त्यांना तोंडावर सांगतात. पण त्यांच्या बायकोला, आनंदाबाईंना, पेटी हवी होती आणि ती मिळाली.

आनंदाबाईंकडे गावरान कोंबड्या होत्या. अंड्यांवर बसणारी खुडूक कोंबडी मिळाली नाही की अंडी माझ्याकडे येत. कोंबडी अंगाखालची अंडी सारखी फिरवत असते. तसं केलं नाही, तर पिल्लू आतून टरफलाला चिकटून मरतं. म्हणून आनंदाबाई प्रत्येक अंड्यावर कोळशाचा ठिपका देत आणि दिवसातून तीनदा अंडी उलटत. ठिपका एकदा वर, एकदा खाली. हा नेम त्यांनी कधी चुकवला नाही. एकविसाव्या दिवशी आत चिवचिव सुरू झाली की शेजारच्या बाया म्हणत, आनंदाबाईच्या हाताला गुण आहे. थोडा गुण माझाही असावा, असं मला वाटायचं.

मग एका वर्षी मानमोडीचा रोग आला आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं. आनंदाबाईंनी पुन्हा कोंबड्या पाळल्या नाहीत. मी गोठ्यात गेले. माझ्यात आधी कांदे राहिले, नंतर सुतळीची बंडलं, नंतर पालींचा संसार. सहा वर्षं कोणी झाकण पुसलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मला बाहेर काढलं त्यांच्या मुलीनं, अंकितानं. ती वर्ध्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि मागच्या खोलीत सापांची एक जोडी पाळते. घाबरू नका. ते कॉर्न स्नेक आहेत, परदेशी, बिनविषारी, नारिंगी अंगावर तांबडे डाग असलेले. आनंदाबाई त्या खोलीत पाऊल टाकत नसत. सापांसाठी आणलेले गोठवलेले उंदीर फ्रीजमध्ये दह्याशेजारी दिसले, तेव्हा त्यांनी लेकीशी दोन दिवस अबोला धरला. अंकितानं मुकाट्यानं दुसरा लहान फ्रीज आणला.

अंकिताला एका रंगाची आस होती. वांग्याच्या फुलासारखा फिकट जांभळा रंग. तिच्या नराचा बाप तसा होता आणि मादीची आईही तशी होती. या दोघांच्या अंगावर तो दिसत नव्हता, पण आत लपलेला होता. दोघांकडून तो एकाच अंड्यात आला, तरच पिल्लू जांभळं निघणार होतं. त्यासाठी तिनं ही जोडी तीन वर्षं वाढवली होती. हे सगळं तिनं आईला समजावलं, तेव्हा काळ्या कोंबडीच्या अंड्यातून निघालेलं तांबडं पिल्लू आनंदाबाईंना आठवलं. त्या एवढंच म्हणाल्या की असं कोंबड्यांतही होतं. सापांविषयी त्या पहिल्यांदाच बऱ्या शब्दांत बोलल्या होत्या.

चैत्रात मादीनं चौदा अंडी घातली. पांढरी, लांबट, कातड्यासारखी मऊ. नऊ एकमेकांना चिकटलेली, पाच सुटी. अंकितानं ती नारळाच्या ओल्या भुशात ठेवली आणि भुशाचा डबा माझ्या पोटात. वर्ध्याकडच्या उन्हाळ्यात ऊब कोणाला हवी? सारं आयुष्य मी ऊब दिली, आता मला गारवा धरायचा होता. तापमापकाचा काटा अठ्ठावीस अंशांवर राहावा म्हणून ती सकाळ-संध्याकाळ माझ्यात बर्फाच्या बाटल्या ठेवायची.

दहा दिवसांनी तिला चार दिवसांच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला जावं लागलं. आनंदाबाईंनी आढेवेढे घेतले, पण बाटल्या बदलायचं कबूल केलं. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड फिरवूनच बाटली ठेवली. दुसऱ्या दिवशी मात्र त्या अंड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मग चुलीतला कोळसा घेऊन आल्या. चिकटलेल्या नऊ अंड्यांना त्यांनी हात लावला नाही. पाच सुट्या अंड्यांवर ठिपके दिले आणि हलक्या हातानं ती उलटली. दिवसातून तीनदा, पूर्वीसारखीच. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझे जुने दिवस परत आले, असंच मला वाटलं.

अंकिता परतली, तेव्हा आई सापांच्या खोलीत तिची वाट बघत होती. "तुह्या अंड्याइले कोनी फिरवतच नव्हतं," आनंदाबाई म्हणाल्या. "म्या फिरवले, रोज तीनदा."

अंकितानं ठिपके पाहिले. तिचा चेहरा उतरलेला मला काचेतून दिसला. तरी ती म्हणाली, "बरं केलं, आई."

दोन महिन्यांनी नऊ पिल्लं निघाली, नऊही नारिंगी. पाच अंडी दबून पिचकली होती आणि पाचांवर कोळशाचे ठिपके होते. आनंदाबाईंनी ते एकेक करून पाहिले. त्यांना कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

"म्या मारले का व पोरी?"

"सापाच्या अंड्यातलं पिल्लू एका जागी चिकटून वाढते, आई. उलटं केलं का गुदमरते." अंकिता त्यांच्याशेजारी खाली बसली. "तुले कसं मालूम राहीन? मीच सांगतलं नाई. चूक माही आहे."

"त्याइत होता का तो जांभळा?"

"मालूम नाई."

अंकिता प्राणिशास्त्राची बाई आहे. अंडी कापून बघणं तिला अवघड नव्हतं. तिनं ती कापली नाहीत. मायलेकींनी ती तशीच परसातल्या कडुनिंबाखाली पुरली. त्या दिवशी मला माझ्या आनंदाची लाज वाटली.

यंदा पुन्हा अंडी आली आहेत, बारा. ती माझ्यात ठेवली त्याच दिवशी आनंदाबाई स्वतःहून कोळसा घेऊन आल्या. अंकितानं त्यांना अडवलं नाही. त्यांनी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर, ते जसं होतं तसंच ठेवून, एकेक ठिपका दिला. चुकून एखादं हललं, तर वरची बाजू कोणती ते कळावं म्हणून. वासुदेवराव कौतुकानं एक अंडं उचलायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हात नका लावू. ठिपका वर राहू द्या."

मित्रांनो, मला जपा असं मी मागत नाही. मी पुन्हा गोठ्यात गेले तरी चालेल. मागणं एवढंच आहे की कोणाची काळजी घ्यायला जाल, तेव्हा त्याला काय मानवतं ते आधी विचारा. आणि आपलं काम दुसऱ्यावर सोपवाल, तेव्हा काय करायचं त्याबरोबर काय करायचं नाही, तेही सांगा.

जांभळं पिल्लू निघेल की नाही, मला माहीत नाही. आनंदाबाई दिवसातून तीनदा येतात, त्यांच्या जुन्या वेळांना. दोन्ही हात पाठीमागे बांधून काचेतून बघतात, बारा ठिपके मोजतात आणि कशालाही हात न लावता परत जातात.