लुगड्यातली आई

तेलाचा थेंब अंगठ्याच्या नखाशी आला, थांबला, आणि म्हशीच्या सडावरून खाली ओघळला — तरी दुधाची धार नाही. शुभदाने कासेला पुन्हा पाणी मारलं. कास गरम, तटतटलेली. आई गेल्यापासून म्हैस कुणालाच धड दूध देत नव्हती. रेडकू पावसाळ्यातच मेलं, तेव्हापासून तिला आईचाच हात ठाऊक. आणि आज चुडाव्याचे दत्तराव तिला विकत घ्यायला यायचे होते. डोळ्यांसमोर दूध काढून दाखवल्याशिवाय कोण नेतं... आपल्या परभणीच्या फ्लॅटमध्ये म्हैस बांधता येत नाही, हे वाक्य शुभदाने इतक्या जणांना ऐकवलं होतं की खरं असूनही ते आता खोटं वाटायला लागलं होतं.

“धुरपताबाईचं लुगडं घे की अंगावर,” शेजारच्या सरजाकाकू कुडाला टेकून म्हणाल्या. “वास वळखती ती. तोंड नको उघडू मातर, मास्तरणीवानी बोलतीस तू.”

आईचे बाकीचे कपडे वाटून झाले होते. हे एक लुगडं तिने न धुता, कुणाला न सांगता पिशवीत ठेवलं होतं — शेण, सरकी, मिश्री, आणि त्याखाली कुठेतरी आई. हुंगायचं तेही बेतानं, संपेल म्हणून.

तिने ते डोक्यावरून घेतलं आणि खाली बसली. म्हशीने मान वळवून तिच्या खांद्यापाशी लांब श्वास घेतला. आत काहीतरी सैल होत उतरलं. ते शुभदाला बोटांत कळलं. पहिली धार बादलीच्या तळावर वाजली, मग दुसरी... म्हैस डोळे मिटून रवंथ करू लागली, किती निर्धास्त — आणि शुभदाने खांदे आईसारखे वाकवले. कुणी सांगितलं नव्हतं. जिभेवर आईचं ते चुचकारणं आलं, तेही येऊ दिलं. शुभदा म्हशीला फसवत होती. आणि फसवताना तिला बरं वाटत होतं, आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

दत्तराव कधी आले ते कळलं नाही. त्यांनी फेसाळलेली बादली पाहिली, मग तिला पाहिलं.

“लुगड्याला दूध द्यायलीय म्हस, ताई. तुमाला न्हाई.”

शुभदाने लुगड्याचा पदर आणखी पुढे ओढला.

“असू द्या. म्हस लय गुणाची हाय. नेतो मी. फकस्त ते लुगडं बी द्या संगं.”

“तुमी नेसता का काय?” सरजाकाकूंनी विचारलं.

“मालकिणीला नेसवतो. म्हशीपायी तरी ऐकंल माजं.” ते हसले, मग आवाज उतरवून शुभदाला म्हणाले, “थोडे दिस, ताई. सवय लागली का आमचा वास बी चालंल तिला.”

सवय लागली की... रोज थोडा नवा घाम लुगड्यात चढेल, आणि म्हशीच्या नकळत आई त्यातून निघून जाईल. न द्यावं, तर ही कास तिथे पुन्हा तटणार, ठणकणार. कासेची ती ऊब अजून बोटांना होती. द्यायलाच हवं. सरजाकाकूंनी लुगड्यासाठी हात पुढे केला होता, दत्तराव दावं सोडायला वाकले होते, आणि शुभदाच्या मनात अगदी स्वच्छ एक गोष्ट आली — हिने तिथे कुणालाच पान्हा सोडू नये. ठणकलं तरी चालेल. विसरू नये हिने...

म्हैस शुभदाचं कोपर चाटत होती. खरखरीत, सावकाश. आणि हात काढून घ्यायला हवा हे कळत असूनही शुभदाने तो तसाच राहू दिला.