ओहोटीत सापडलेलं जोडवं

वृंदाचं जोडवं हरवलंय हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ते सापडलेलंही होतं. रविवार होता. मी पोळ्या लाटत होतो, त्या अजून जमत नाहीत. माझ्या मुलीने, स्वरांगीने, फोन समोर धरला.

"बाबा, इज धिस नॉट आईचं?"

इथे परदेशात आम्ही राहतो त्या डंडॉक गावाच्या फेसबुक ग्रुपवर फोटो होता. चांदीचं वेढं, वर मासोळी. खाली लिहिलं होतं की जवळच्या ब्लॅकरॉकच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टरने शोधताना तान्ह्या बाळाची अंगठी सापडली आहे, आईबाप काळजीत असतील.

मासोळीचं शेपूट चेपलेलं होतं. डंडॉकला येण्याआधी ल्यूकनला राहत होतो तेव्हा वृंदाच्या पायावर कुकर पडला होता, तेव्हापासूनचं ते.

वृंदा मागच्या वर्षी गेली. दहनाआधी अंगावरचं काढून माझ्या हातात दिलं होतं. मंगळसूत्र स्वरांगीसाठी ठेवलं. दुसरीची जोडवी कुणी घालत नाही, म्हणून ती अस्थींबरोबर ब्लॅकरॉकच्या समुद्रात सोडली, गुडघाभर पाण्यात उभं राहून. डंडॉकला आम्ही तेव्हा नवीन होतो. म्हणजे जोडवं हरवलं नव्हतं. आम्ही ते दिलं होतं.

स्वरांगीने मेसेज केल्यावर फोटो टाकणारा फिंटन मॅकअर्डल संध्याकाळी घरी आला. रिटायर्ड बस ड्रायव्हर. काडेपेटीत कापूस घालून त्याने जोडवं आणलं होतं.

"बाळ कुठाय?" त्याने विचारलं.

"बाळाचं नाही. पायाच्या बोटात घालतात. माझ्या बायकोचं आहे."

"मग तिच्याच हातात देतो. बोलवा तिला."

स्वरांगीने त्याला सगळं सांगितलं. त्याने काडेपेटी टेबलावर ठेवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"म्हणजे मी कबर उकरली."

"नाही हो. चहा घ्या."

"चहा कसला! तुमची बायको मला शिव्या देत असेल."

"ती फक्त मला द्यायची."

तो हसला नाही. म्हणाला, "मी सापडलेली वस्तू मालकाला परत देतो. याची मालकीण ती आहे. उद्या ओहोटीला जागा दाखवतो, तुम्ही तिचं तिला द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. अस्थी सोडल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. समोर समुद्र नव्हता. नुसती ओली वाळू, पार दूरपर्यंत, आणि पाणी म्हणजे टोकाला एक रेघ. एक बाई कुत्र्याला घेऊन तिथून चालत होती. मला वाटलं, आपण चुकीच्या गावात आलो.

"पाणी कुठे गेलं?"

"रोज जातं," फिंटन म्हणाला. "आणि परत येतं."

चालत चालत तो एका जागी थांबला. इतर वाळूसारखीच जागा, खूण काही नाही. वीतभर खाली होतं म्हणाला. मी खाली बसून वाळूला हात लावला. आपल्याकडे नदीत सोडलेलं नदी घेऊन जाते. मला वाटत होतं, वृंदा आता कुठल्या कुठे गेली असेल. आणि ही वाळू रोज उघडी पडत होती. भरतीत झाकली जायची, ओहोटीत उघडी पडायची. एवढ्या मोकळ्या जागेत एवढीशी चांदी, आणि ती या माणसाला सापडली.   एवढं मोठं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

फिंटन टोपी काढून लांब उभा राहिला. मी काडेपेटी उघडली. बराच वेळ गेला. मग त्याने हाक मारली, पाणी फिरलंय, भरती येतेय, निघायला हवं. मी काडेपेटी मिटून खिशात घातली.

 गाडीजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "माझ्या भावाची बोट आहे. जिथून पाणी हटत नाही, तिथे नेतो. कधीही सांगा."

त्यानंतर त्याचे दोन फोन आले. मी अजून हो म्हटलेलं नाही. जोडवं सोडायचं राहिलं आहे.