कोलमनचा कोट

नाब्लानं नवऱ्याचा, कोलमनचा कोट बटाट्यांच्या पोत्याखाली दडपला आणि चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेची, मिस्साची वेळ टळायची वाट बघत बसली. कोलमनची होडी बुडून तीन आठवडे होत आले होते. प्रेत कोनेमाऱ्याच्या किनाऱ्याला लागलं, रीतसर पुरलंही. पण मेलेल्याचे कपडे घरच्या पुरुषानं तीन रविवार घालून मिस्साला जायचं, तेव्हा कुठे ते तिकडे परलोकात त्याच्या अंगावर चढतात. नाही तर बिचारा कायमचा कुडकुडतो. नवा पाद्री इंग्रजीत प्रवचन झोडतो, आयरिश बोलणाऱ्या गावाला त्यातलं अक्षर कळत नाही. कोटाचं मात्र पोरासोरांनाही कळतं. दोन रविवार झाले होते. आजचा शेवटचा.

आणि कोलमन तर रोज दिवेलागणीला घरी येत होता. दिसायचा नाही. चुलीजवळची त्याची खुर्ची करकरायची, दात वाजायचे, आणि मागे खुर्चीवर खारं पाणी उरायचं. पहिल्यांदा नाब्लाची पाचावर धारण बसली. मग ती त्याला गावच्या कागाळ्या सांगू लागली. जिवंतपणी या बाबानं तिचं कधी धड ऐकलं नव्हतं. आता मुकाट ऐकत होता.

दार वाजलं. धाकटा दीर फेस्टी.

"वहिनी, कोट द्या. घंटा झाली."

"उंदरांनी कुरतडला, भाऊजी."

"कुरतडू दे. दादाला काय लग्नाला जायचंय?"

"तुम्हाला आखूड होतो. लोक हसतात."

"लोक मला कोटाशिवायही हसतात. वहिनी, आज चुकलं तर तो कायमचा गारठेल. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. पण ऊब मिळाली की तो इथे कशाला येतोय?

तेवढ्यात भर सकाळी खुर्ची करकरली. दात वाजू लागले. फेस्टीनं डोक्यावरची टोपी काढली, त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

नाब्लाला स्वतःचीच लाज वाटली. नवरा काकडतोय आणि आपल्याला सोबत हवी! तिनं कोट ओढून काढला, माती झटकली आणि दिराच्या अंगात घालून गळ्यापर्यंत बटणं लावली.

"वरचं बटण उघडं ठेवू नकोस," ती म्हणाली. दिराला ती कधी अरेतुरे करत नसे. फेस्टी निघाला.

संध्याकाळी तिनं खुर्चीला मिस्साच्या बातम्या सांगायला घेतल्या. अर्ध्यावर थांबून हात फिरवून पाहिला. खुर्ची कोरडी होती.

ती त्या खुर्चीत बसली. चूल चांगली पेटली होती, तरी तिला हुडहुडी भरली.