दिवसाढवळ्या आडवं होणं

डॉक्टरांनी विचारलं जगदेवीला आणि उत्तर दिलं तिच्या नवऱ्यानं, महादेवप्पानं.

"व्यायाम केले की, साहेब. सहा महिने रोज केले. काय बी फरक न्हाई."

जगदेवीनं खुर्चीत अंग डावीकडं कलतं केलं. उजव्या बाजूवर बसलं, की कमरेखाली पाचर ठोकल्यासारखं व्हायचं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो शांतपणे डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत होता. खोटं बोलायची त्याची ही हातोटी तिला नवी नव्हती, पण आज त्या शांतपणाची तिला शिसारी आली.

फिजिओथेरपीच्या बाईंनी मन लावून शिकवलं होतं, हे खरं. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, कंबर उचलून धरायची, हळूच सोडायची. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास. आणि जमिनीवर बसून तासन्‌तास भाकऱ्या थापणं बंद. कडक भाकरी विकून चालणाऱ्या घरात हे कोण ऐकणार? पहिल्याच सकाळी ती सतरंजी अंथरून आडवी झाली, तर सासूबाईंनी शेजारच्या गोजाबाईला हाक मारून बोलावलं, सून दिवसाढवळ्या पाय वर करून पडलीय ते बघायला. दोघी पोट धरून हसल्या. महादेवप्पा म्हणाला, गिऱ्हाईक खोळंबलंय, लोळायचे लाड सवडीनं कर. सवड त्या घरात कधी नव्हतीच. सतरंजी कोनाड्यात गेली ती गेलीच.

ठणका वाढत गेला. सांध्यात इंजेक्शन दिलं, काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा मात्र घर एकदम हुशारलं. ऑपरेशन म्हणजे कसा, खरा इलाज. महादेवप्पा मंद्रूपच्या पाहुण्यांना फोनवर कौतुकानं सांगत होता, हिच्या कमरेत स्क्रू बसवणार म्हणून. नवं यंत्र घेतल्यासारखा. ते ऐकताना जगदेवीनं हातातला घास ताटात परत ठेवला. तिचं अंग कापायला सगळे तयार होते, अर्धा तास द्यायला कुणीच नाही. आणि तिला स्वतःचीही किळस आली, कारण आतून तिलाही बरंच वाटलं होतं. कापलेल्या बाईला निदान कुणी ऊठ म्हणणार नव्हतं.

डॉक्टरांनी टेबलावरचा प्लास्टिकचा सांगाडा पुढं ओढला. पाठीचा कणा कमरेच्या हाडांना मिळतो तिथं बोट ठेवलं. व्यायामानं गुण येत नसेल तरच हा रस्ता, म्हणाले. नंतर काही आठवडे काठी घेऊन चालायचं, जमिनीवर बसायचं नाही, वजन उचलायचं नाही.

"आणि मग तेच व्यायाम. रोज, न चुकता."

"मग करंल की," महादेवप्पा म्हणाला. "ऑपरेशन झाल्यावर कोण न्हाई म्हणतंय?"

डॉक्टरांनी सांगाडा बाजूला सरकवला आणि या वेळी महादेवप्पाकडं पाहिलंच नाही.

"ताई, तुम्ही सांगा. खरंच केले होते?"

टेबलाची कड धरून जगदेवी उभी राहिली. बसून बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"एक दिस बी न्हाई," ती म्हणाली.

महादेवप्पा हसला, पण त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, मग ऑपरेशनचं आत्ता काढायलाच नको, तीन महिने नेमानं करा, दुखणं राहिलंच तर पुढचं पुढं बघू.

दोघं घरी आली. सासूबाई तव्यावर भाकरी टाकून दारात आल्या आणि तारीख कधीची मिळाली म्हणून विचारू लागल्या. जगदेवीनं चप्पल काढली, कोनाड्यातली सतरंजी ओढली आणि चुलीसमोर, भाकऱ्या थापायच्या जागेवरच अंथरली.

"आत्ता?" महादेवप्पा म्हणाला. "संध्याकाळचा माल कोण करायचा?"

"ऑपरेशन झालंय असं समजा," ती म्हणाली आणि आडवी झाली.

सासूबाईंनी सवयीनं गोजाबाईच्या दाराकडं पाहिलं, पण हाक काही मारली नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. जगदेवीनं गुडघे वाकवले, कंबर उचलली आणि बाईंनी शिकवली होती तशी धरून ठेवली.