नवसाची कंबर

सोमेश्वरची कंबर पुण्याच्या डॉक्टरांनी बरी केली, असं सोमेश्वरचं मत होतं. त्याची माय मनकर्णाबाई हे मत ऐकून घ्यायची आणि सोडून द्यायची. पोरगं विमानात बसायला लागलं की असं काहीबाही बोलणारच.

तिच्या लेखी खरी हकीकत निराळी होती. पहिलं ऑपरेशन झालं, गुण आला नाही. मग ती हिंगणदऱ्याच्या खंडोबापुढं उभी राहिली आणि बोलली, "देवा मल्हारी, माझ्या सोमाची कंबर धड कर. त्याच कमरेनं तो तुझ्या बारा गाड्या ओढील." त्यानंतर दुसरं ऑपरेशन झालं आणि पोरगं उठून चालायला लागलं. डॉक्टर तेच, टेबल तेच, कंबरही तीच. मधे फक्त नवस झाला. आता ह्यात न समजण्यासारखं काय आहे?

या नवसात एक बारीकशी अडचण होती. पण ती ऐकताना देवाला दिसली नाही, तर बोलताना बाईला कुठून दिसणार?

सोमेश्वर गोल्फ खेळायचा. हिंगणदरा बीडकडं, लिंबागणेशच्या पुढं डोंगरात आहे आणि तिथं गोल्फची ओळख 'काठीनं गोटी ढकलायचा धंदा' अशी. सोमेश्वर लहान असताना त्याच्या बापाला, शहादेवला, ऊसतोडीतून सुटून पुण्यात एका गोल्फ मैदानावर राखणदारी मिळाली. तिथं पोरगं साहेबांचे बॉल वेचता वेचता त्यांच्यापेक्षा बरं मारायला लागलं. पुढं व्यावसायिक झालं आणि आशियाच्या टूरवर गेलं. आज व्हिएतनाम, उद्या तैवान. ऐकायला झकास, पण ऊसतोडीच्या टोळीपेक्षा फार वेगळं नव्हतं. बिऱ्हाड पाठीवर, मुक्काम दुसऱ्याच्या रानात. दोन दिवस खेळल्यावर निम्मे खेळाडू कापतात. जो कापला गेला, त्यानं आपल्या खर्चानं गाव गाठायचं. टोळीचा मुकादमसुद्धा जाताना गाडीत बसवून देतो.

ह्या खेळात हात नावाला असतात. सगळी ताकद कमरेच्या पिळातून येते. ती गेली आणि सोमेश्वरचं वर्ष घरात गेलं. टूरनं मात्र माणुसकी दाखवली. दुखापतीची सवलत म्हणून त्याला मोजक्या स्पर्धा दिल्या. तेवढ्यात नाव काढलं तर टूरचं कार्ड, म्हणजे खेळायचा परवाना, राहील, नाहीतर राम राम. त्यातली शेवटची स्पर्धा पुढच्या आठवड्यात बँकॉकला होती आणि कधी नव्हे ते सोमेश्वरचं अंग जमून आलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "खुशाल खेळा. फक्त वजन ओढू नका. पाण्याची बादलीसुद्धा दुसऱ्याला उचलू द्या."

मनकर्णाबाईचा फोन आला. चैत्राची जत्रा होती, ऊसतोडीचं गाव परत आलं होतं, आणि सरपंच आप्पारावांनी गाड्यांचं नक्की केलं होतं.

"माय, मी बोकड देतो. गावजेवण घालतो."

"देवाला गाड्या बोलल्यात. बोकड घेऊन त्यो काय करील?"

"पुडच्या साली ओढतो."

"नवस लांबवला की फिरतो. मग त्या बंकाकात का काय तितं तुजी कंबर कोन धरंल, आप्पाराव?"

हे सोमेश्वरला लागलं. गोल्फर वरून नास्तिक असतो, पण चांगला खेळ चालू असताना मोजे बदलत नाही. शिवाय त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, जी हिंगणदऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. गाड्या ओढणारा ओढत नाही. एकामागं एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, प्रत्येकीत माणसं खच्चून. पुढं भगत कमरेला दोर बांधून चालतो. मागं भगताची भावकी चाकांना भंडाऱ्याचे हात लावते आणि ढकलते. हे सगळ्यांना दिसतं आणि कुणी बोलत नाही. म्हणजे नुसतं चालायचंच तर होतं. चालायला डॉक्टरांची हरकत नव्हती.

गावात पाऊल टाकलं तर वेशीवर फ्लेक्स. त्यात आप्पाराव पुरुषभर उंच, आणि त्यांच्या खांद्याशी वीतभर सोमेश्वर. खाली 'जागतिक विजेता पैलवान'. सोमेश्वर आजवर काहीच जिंकला नव्हता. दोनदा दुसरा आला होता. पण फ्लेक्सवर दुसरा आलेला माणूस शोभत नाही.

गाड्यांचा मान पिढ्यान्पिढ्या बंकट भगताच्या घरात. मागं ढकलणारी भावकीही त्याचीच. आप्पारावांनी त्याला न विचारता यंदाचा मान परस्पर दिला होता, कारण निवडणूक जवळ आली होती आणि बंकट विरोधी पार्टीत होता. सोमेश्वर जत्रेच्या आदल्या दिवशी बंकटच्या घरी गेला. म्हातारा अंगणात दोराला पीळ देत बसला होता. उद्याचाच दोर.

"तात्या, माझं काही चुकलं असंल तर पोटात घाला."

"तुजं काय चुकलं बे? नवस तुज्या मायचा, मान आप्पारावाचा. आमी फकस्त दोर वळनार. बस."

"उद्या पोरं असतील ना मागं?"

"कशाला?"

"दरसाल ढकलत्यात तशी..."

बंकटनं दोर खाली ठेवला. "दरसाल देव ओढतो. पोरं नुसती हात लावत्यात."

सोमेश्वर हसला. म्हाताराही हसला, पण थोडं उशिरा.

"तुजी बातमी आलती मागं," बंकट म्हणाला. "कुटं तरी तू पयला येनार व्हतास. बॉल केसभर हालला आन तूच जाऊन सांगितलंस म्हनं. गुन गेला."

"मलेशियात. हो."

"कुनी बगितलं व्हतं?"

"न्हाई."

"मग सांगितलंस कावून?"

"तसाच खेळ हाय, तात्या. आपली चूक आपनच सांगायची."

बंकटनं दोर पुन्हा हातात घेतला. "म्हंजी तुमच्या खेळात देव न्हाई. देव असला की मानसाला बोलावं लागत न्हाई." मग पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, निवांत झोप. आमी हाव की."

सोमेश्वर निवांत झोपला. परदेशात राहून माणूस असा भोळा होतो.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई नवं लुगडं नेसून देवळाच्या पायरीशी उभी राहिली. तिच्यासारख्या, मूळच्या मेंढरामागं फिरणाऱ्या घरांतल्या बायका दरसाल मागं, बाभळीखाली उभ्या राहत. यंदा आप्पारावांनी तिला सगळ्यांच्या पुढं, थेट स्वतःच्या बायकोशेजारी उभं केलं. बाईनं कुणाकडं बघितलं नाही, पण आपल्याकडं कोण कोण बघतंय, हे तिला बरोबर कळत होतं.

सोमेश्वरच्या कपाळी भंडारा लागला, कमरेला दोर आला. गाठ बंकटनं स्वतः मारली, अगदी मायेनं. गाड्या भरल्या. 'येळकोट येळकोट'चा गजर झाला आणि सोमेश्वरनं पाऊल टाकलं.

पाऊल पडलं. गाड्या तिथंच.

त्यानं मागं वळून बघितलं. बंकटची भावकी जागच्या जागी होती. प्रत्येक चाकाला दोन दोन पिवळे हात. चेहरे भक्तीनं भरलेले. नुसते हात लावून उभे होते, देवाची वाट बघत.

"जोर करा, पैलवान!" आप्पाराव माइकवरून ओरडले. "थायलंडात असंच खेळता काय?"

गाव हसलं. गाडीत बसलेल्यांनी मोबाइल काढले. सोमेश्वरनं वाकून दोर ताणला. कमरेत ओळखीची कळ उठली आणि त्याला सगळं उमगलं. आप्पारावांचा माइक हाताच्या अंतरावर होता. मलेशियात केसभर हललेल्या बॉलसाठी त्यानं हात वर केला होता. इथं फक्त एवढंच म्हणायचं होतं, की बाबांनो, हे ढकलत नाहीत. पण असं म्हणणं म्हणजे दरसाल ढकलतात असंही म्हणणं. आणि ते देवळाच्या दारात, पायरीवर माय उभी असताना, म्हणायचं कुणी?

मनकर्णाबाई डोळे मिटून, हात जोडून पुटपुटत होती.

सोमेश्वरनं हात वर केला नाही. दात आवळले, पाय रोवले आणि मायच्या नवसाला अंगात होतं तेवढं सगळं दिलं. पहिली गाडी वीतभर हलली. कमरेत ओली फांदी मोडावी तसं काहीतरी झालं आणि तो गुडघ्यावर आला. लोकांना वाटलं, देवाला नमस्कार करतोय. पुन्हा येळकोट झाला. मग तो आडवाच पडला.

बंकट भगत गर्दीतून आला. सदरा काढला, पडलेल्याच्या कमरेची गाठ सोडली आणि आपल्या कमरेला मारली. भावकीतल्या दोघांनी सोमेश्वरला उचलून कडेला ठेवलं, चाकाखाली येऊ नये म्हणून. म्हाताऱ्यानं नुसतं पाऊल उचललं आणि बारा गाड्या लोण्यातून निघाव्यात तशा देवळापर्यंत गेल्या. बंकट रडत होता. गाव रडत होतं. आप्पारावांनी वारा बघून माइकवरून जाहीर केलं, की देवाचा मान देवानंच परत दिला.

मनकर्णाबाई धावली. आधी बंकटकडं. त्याचे पाय धरून म्हणाली, "चुकलं आमचं. पोरावर कोपू नगा." मग पोराकडं आली.

गावाचा निकाल त्याच दिवशी लागला. पोरगं बाहेरदेशी काहीबाही खाऊन आलेलं, देवानं ते घेतलं नाही. बीडच्या दवाखान्यात कमरेचा फोटो काढून आणलेल्या सोमेश्वरला बघायला बंकट स्वतः आला, उशाशी बसला. "वाईट वाटून घिऊ नगंस. आता दरसाल मलाच ओढावं लागनार. माजं बी वय झालं, पन करता काय?" त्याच्या डोळ्यांत खरंच कणव होती. जिंकलेल्या माणसाला ती परवडते.

तो गेल्यावर सोमेश्वरनं बाजेवर पडल्या पडल्या टूरच्या अधिकाऱ्याला कळवलं, की बँकॉकला येणं होणार नाही. उत्तर लगेच आलं. लवकर बरे व्हा. तुमच्या जागी प्रतीक्षा यादीतला खेळाडू घेतला आहे. तुमची दुखापतीची सवलत या स्पर्धेबरोबर संपते. इतकी वर्षं आमच्यासोबत खेळल्याबद्दल आभार.

त्यानं ते दोनदा वाचलं.

"कुनाचं व्हतं रं?" मायनं तव्यावर गरम केलेली वाळूची पुरचुंडी कमरेखाली सरकवत विचारलं.

"सायबाचं."

"वरडला का?"

"न्हाई. आराम कर म्हनला."

"किती दिस?"

"लागंल तेवढा."

मनकर्णाबाई थबकली. तिची निम्मी हयात उसाच्या फडात गेली होती. "मी बाळंतीन असताना बी मुकादमानं असं म्हनलं न्हाई कदी," ती म्हणाली. "देवमानूस हाय तुजा सायेब. त्याला सोडू नगंस."

मग पदर सावरत ती अंगणात गेली आणि शेजारच्या छबुबाईला हाक मारली. जत्रेपासून ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती.

"आगं, सोमाला सुट्टी गावली! लागंल तेवढी घे म्हनला सायेब. पगारी असंल, मी इचारलं न्हाई."

"नशीब लागतं बाई," भिंतीपलीकडून छबुबाई म्हणाली.